विचारा बाईंना : आठ दिवसांत सोफ्याखाली जाणार नाही असं काय द्यावं?

दिवाळी जवळ आली की पत्रांचा विषय एकच असतो. भाचरांना, नातवंडांना, शेजारच्या चिंटूला काय द्यावं? या वेळी तर निम्म्याहून जास्त पत्रं तीच आली. मिरजेत १९८२ ते २०१६ अशी ३४ वर्षं मी बालवाडी चालवली. ती बंद केली तेव्हा खेळण्यांच्या तीन पेट्या घरी आल्या. पत्रं वाचताना त्या पुन्हा उघडून बसले होते. काय टिकलं आणि काय टिकलं नाही याचा माझ्याकडचा पुरावा त्या पेट्यांतच आहे, म्हणून उत्तरांत त्या सारख्या डोकावतील.

बाई, भाचीचा पहिला वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. तिच्या दादाला गेल्या वर्षी बॅटरीवर पळणारी गाडी दिली होती. आठव्या दिवशी ती सोफ्याखाली गेली ती गेलीच. या वेळी दीड हजारापर्यंत खर्च करायची तयारी आहे. निदान चार-पाच वर्षं हातात राहील असं काही सुचवा.
— एक मावशी, डोंबिवली

ठोकळे द्या, ताई. लाकडी, बिनरंगाचे, साधे.

१९८६ साली बालवाडीत पैसा नव्हता. आमच्या गावात सतारी-तंबोरे करणाऱ्यांची गल्ली आहे. तिथून लाकडाचे उरलेले तुकडे गोणीभर आणले आणि आमच्या सुतारमामांपुढे ओतले. ते म्हणाले, "बाई, माप सांगा, मग बघू." प्रशिक्षणाच्या वहीत एक आकृती होती. न्यूयॉर्कमध्ये शंभरेक वर्षांपूर्वी कॅरोलाइन प्रॅट नावाच्या शिक्षिकेनं शाळेतल्या मुलांसाठी ठोकळे बेतले होते. जाडी एक, तर रुंदी दोन आणि लांबी चार, असं त्यांचं प्रमाण. मामांनी ते ऐकलं आणि लगेच म्हणाले, "म्हणजे विटेसारखाच हिशेब की!" आमचा ठोकळा सव्वा इंच जाड, अडीच इंच रुंद, पाच इंच लांब झाला. मग त्याचे अर्धे कापले, काही दुप्पट लांब केले, काही तिरके कापून त्रिकोण केले. सगळे एकमेकांच्या मापात. दोन अर्धे ठेवले की एक अख्खा होतो, हे मुलांच्या हातांना अपूर्णांक शिकायच्या कितीतरी आधी कळायचं.

तेच ठोकळे आज माझी नात खेळते. ती दीड वर्षाची आहे, त्यामुळे सध्या तिचं काम एकच. आम्ही रचायचं, तिनं पाडायचं. दोन वर्षांची झाली की ती ते डब्यात भरेल, ओतेल, पुन्हा भरेल. तिसऱ्या वर्षी आडवी रांग लावेल. उभी भिंत आणि वर आडवी तुळई हे चौथ्या वर्षाच्या आसपास जमतं, आणि ते पहिल्यांदा जमतं तेव्हा मूल मागे वळून कुणीतरी बघतंय ना याची खात्री करून घेतं. ते बघायला तुम्ही तिथं असाल तर फार बरं.

आमची मुलं मिरजेची, त्यामुळे रांग म्हणजे रेल्वेच. २०१६ च्या एप्रिलमध्ये दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. पहिल्या फेरीला १० वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, होत्या. दुसऱ्या दिवशी वर्गात दहा लांब ठोकळ्यांची गाडी तयार. एका मुलानं प्रत्येक डब्यावर खरंच चमचाभर पाणी ओतलं, कारण "लातूरच्या पोरांना तहान लागलीय". ज्या ठोकळ्यांची १९९० साली मुलं टुरिंग टॉकीज करत होती, त्यांचीच ही पाण्याची गाडी. लाकडात काही बदललं नव्हतं.

आता खरेदीचं. गावातल्या सुताराकडून करून घेणं सगळ्यात चांगलं. साग, आंबा, जे मिळेल ते भरीव लाकूड चालेल. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, नको, लाळेनं ते फुगतं. कडा आणि कोपरे आधी ८० नंबरच्या, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून घ्या आणि स्वतःच्या गालावर फिरवून बघा. पॉलिश, व्हार्निश काही नको. खोबरेलाचा हात पुरे. एक वर्षाच्या मुलीला वीस-पंचवीस ठोकळे भरपूर झाले. मग दर वाढदिवसाला त्याच मापाचे दहा-दहा वाढवत जा. म्हणून मापाचा कागद जपून ठेवा. एक पक्का नियम: टॉयलेट रोलच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जो तुकडा आरपार जातो, तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायचा नाही. हा नियम ठोकळ्यांना आहे तसा सगळ्याच खेळण्यांना आहे.

आणि वाढदिवसाच्या गर्दीत देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी जा, जमिनीवर बसा आणि पहिला मनोरा तुम्ही रचा.

मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला २९ भेटी आल्या. खोली भरली आहे आणि ती म्हणते, "मला कंटाळा आलाय." तिचं काही चुकतंय का?
— एक बाबा, ठाणे

तिचं काहीच चुकत नाही. अमेरिकेतल्या टोलिडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांवर एक प्रयोग झाला. एकदा समोर चार खेळणी ठेवली, एकदा सोळा. चार होती तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तुमची मुलगी मोठी आहे, पण २९ गोष्टी एकदम समोर आल्या तर मोठ्या माणसालाही कशाला हात घालावा ते सुचत नाही. चार-पाच वस्तू तिला निवडू द्या आणि बाकीच्या माळ्यावर टाका. महिन्यानं एक खाली, एक वर. काही खाली यायचीच राहतील, आणि तिला त्यांची आठवणही होणार नाही. ती बिनदिक्कत देऊन टाका. पुढच्या वर्षी आमंत्रण देतानाच चार घरांना सांगा की मिळून एकच काहीतरी द्या. लोकांना राग येत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं.

मुलगा साडेचार वर्षांचा आहे. त्याला भातुकली हवी आहे. सासूबाई म्हणतात, मुलाला कशाला. मला घ्यायची आहे, पण प्लॅस्टिकची घ्यावी की पितळेची ते ठरत नाही.
— एक आई, नाशिक

पितळेची घ्या. सासूबाईंना लग्नातल्या पंगती आठवायला सांगा. शंभर माणसांच्या आमटीला फोडणी देणारा आचारी कोण असायचा, आणि वाढपी कोण? आमच्या वर्गात चुलीच्या कोपऱ्यात पहिला नंबर लावायला मुलगेच पळायचे.

पुण्याला जाणं झालं तर तुळशीबागेत बघा. नाशिकचा भांडी बाजार तर तुमच्या गावातच आहे, तिथेही मिळेल. चाळीस नगांचा संच काचेच्या डब्यात बसवलेला असतो, तो घेऊ नका, तो शोभेचा असतो. सुटी भांडी घ्या आणि थोडी मोठी घ्या, मुलाच्या मुठीला पेलतील अशी. एक पातेलं, एक कढई, परात, झारा, लाकडी पोळपाट-लाटणं, दोन वाट्या. बघताना झाकण नीट बसतं का ते पाहा, कारण झाकण उघडून "झालं का" बघणं हा अर्धा खेळ आहे. कानाची रिबिट हलवून बघा. काठावरून बोट फिरवा.

प्लॅस्टिकच्या संचात कोंबडी, पिझ्झाचा तुकडा, सगळं आयतं आणि रंगवलेलं असतं. तिथं मुलानं करायचं काय? पितळेच्या पातेल्यात त्याला काहीतरी घालावं लागतं. पाणी, पानं, माती, कणकेचा गोळा. एक दिवस तो म्हणेल, खरं खायचं घाल. तेव्हा चुरमुरे, पोहे, गुळाचा खडा द्या. भांड्यांना कल्हई नसेल तर त्यांत ताक, लिंबू, चिंच, टोमॅटो असलं आंबट काही खायला करू देऊ नका. पितळेला आंबट लागलं की ते कळकतं, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. शनिवारी मात्र चिंच-मीठ लावून त्याच्याकडूनच भांडी घासून घ्या आणि भरपूर पाण्यानं धुवा. काळं भांडं आपल्या हातानं लख्ख होताना बघायला मुलांना किती आवडतं ते तुम्हीच बघा.

सातव्या-आठव्या वर्षी तो पोळपाट स्वयंपाकघरात येईल. त्यावर पहिली नकाशासारखी पोळी होईल. ती सासूबाईंना वाढा.

मुलानं दुबईहून नातवासाठी फार महागाचा रेल्वेचा खेळ पाठवला आहे. नातू सहा वर्षांचा. मोडेल म्हणून मी तो कपाटात ठेवला आहे, रविवारी तासभर काढून देते. सून म्हणते, खेळू दे त्याला. आमच्यात रोज यावरून बोलणं होतं. कोण बरोबर?
— एक आजी, बार्शी

आजी, तुम्ही जपून ठेवलंत ते प्रेमापोटीच. पण माझी एक गोष्ट ऐका.

१९६२ साली मी सात वर्षांची होते. मुंबईहून मामानं बाहुली आणली. आडवी केली की डोळे मिटायची. तशी बाहुली आमच्या सगळ्या आळीत नव्हती. आईनं दोन दिवस हातात दिली आणि मग कपाटावर ठेवली. "मोठी झालीस की खेळ. आत्ता मोडशील." गौरी आल्या की ती आराशीत खाली यायची, तीन दिवस बसायची, पुन्हा वर. शाळेतून आले की मी खालून तिच्याकडे बघायची. आईला वाटायचं, पोरगी समजूतदार आहे. लग्न होऊन गेले तरी बाहुली वरच. पुढे आईनं ती मला आणून दिली, डब्यात, कापसात गुंडाळून. केसांची बटही हललेली नाही. डोळे अजून मिटतात. आणि तिला नाव नाही. मी कधी ठेवलंच नाही.

त्याच काळात आजीनं जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची बाहुली केली होती. तिचं नाव ठकी. ठकीचं तोंड तीनदा नव्यानं शिवलं. तिला गोवर झाला, तिचं लग्न झालं, ती एकदा विहिरीत पडली आणि शेजारच्या काकांनी पोहऱ्यानं काढली. शेवटी तिचं काय झालं ते आठवत नाही, इतकी ती वापरली गेली. पण आज डोळे मिटले तर तिचा वास येतो मला, ओल्या कापसाचा आणि शिकेकाईचा.

तुमच्या घरात सूनबाई बरोबर आहेत. आज संध्याकाळीच तो खोका खाली आणा आणि त्याच्या हाताला येईल अशा फडताळात ठेवा. रूळ जोडताना तुम्ही बोगदा धरा. एखादा डबा मोडेलच. तेव्हा "बघ, बाबांनी एवढ्या महागाचं पाठवलं आणि तू मोडलंस" हे वाक्य घरात कुणीही उच्चारू नये. चिकटवायचं सामान घेऊन त्याला शेजारी बसवा. दुरुस्त केलेला डबा मुलं जास्त जपतात, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. आणि मुलाला दुबईला फोटो पाठवायचा तर मोडलेल्या डब्यासकट पाठवा. त्याला कळेल की खेळ वापरात आहे.

मी चार घरची कामं करते. बहिणीची मुलगी आठ वर्षांची होईल. दोनशे रुपयांत चांगलं काही होईल का? चारजणांत देताना लाज वाटू नये असं.
— एक मावशी, सोलापूर

होईल, मावशी. तुम्ही सोलापूरच्या आहात हे तर फारच बरं.

चादरीचा एक चांगला तुकडा घ्या, हातभर लांब-रुंद. कडा दुमडून शिवा. त्यावर रंगीत दोऱ्यानं पाच आडवी आणि पाच उभी अशी पंचवीस घरं पाडा. चारी बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधल्या घरात फुली भरा. झाला चल्लस-आठचा पट. पूजेच्या सामानाच्या दुकानातून चार कवड्या आणा. सोंगट्यांना चार तऱ्हेची बटणं, प्रत्येकी चार. चारही कवड्या उताण्या पडल्या की चल्लस म्हणजे चार, चारही पालथ्या पडल्या की आठ. मधल्या घरात आधी पोचेल तो जिंकला. फुलीच्या घरात सोंगटी मारायची नाही. बाकीचे नियम तुमच्या आईला, आत्याला विचारा. प्रत्येक घरात थोडे वेगळे असतात आणि आपल्या घरचेच तिला शिकवावेत. उरलेल्या कापडाची नाडीची पिशवी शिवा. तीत कवड्या, बटणं आणि पाच सागरगोटे ठेवा. पटाच्या कोपऱ्यात तिचं नाव दोऱ्यानं घाला.

दोनशे रुपये बहुधा सगळे लागणारही नाहीत. उरले तर सायकलच्या दुकानातून वॉल्व्ह ट्यूब घ्या, ती पातळ रबरी नळी. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी या नळीचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, घर, घनाकृती करायला शिकवलं, आणि देशभरच्या शाळांतल्या मुलांनी ते केलं. काड्यांचं गूल आधी खरवडून टाका.

मी १९८४ साली डहाणूजवळ कोसबाडला जाऊन अनुताई वाघांचं काम बघून आले होते. ताराबाई मोडकांबरोबर त्यांनी तिथं आदिवासी मुलांची बालवाडी उभी केली होती. बिया, शंख, पानं, खडे यांतूनच मुलं मोजत होती, जुळवत होती, चित्रं मांडत होती. तिथून आल्यावर मला पुन्हा कधी विकतच्या सामानाची कमी वाटली नाही. एकच सांभाळा. बिया गोळा करताना गुंजा आणि एरंड घेऊ नका. दिसायला देखण्या असतात, पण चावून पोटात गेल्या तर जीवघेण्या आहेत.

लाजेचं म्हणाल, तर त्या दिवशी पट अंथरा आणि पहिला डाव तुम्ही तिच्याशी खेळा. बाकीची मुलं आपोआप भोवती जमतील.

नातू सहा वर्षांचा आहे. सायकल थोडी मोठीच घेतली तर चार वर्षं जाईल ना?
— एक आजोबा, संगमनेर

आजोबा, शर्ट वाढत्या अंगाचा घ्या, सायकल नको. मोठ्या सायकलवरून एकदा जोरात पडला की पुढचे सहा महिने तो तिच्याकडे बघणार नाही, आणि ती भिंतीला टेकून गंजेल. त्याला दुकानात बरोबर न्या. सीटवर बसून दोन्ही पावलं जमिनीला टेकली पाहिजेत आणि ब्रेक त्याच्या बोटांत आला पाहिजे. सहा वर्षांच्या मुलाला उंचीप्रमाणे १६ किंवा २० इंची चाकाची बसते. आधाराची दोन चाकं लावू नका. दोन्ही पायडल काढून टाका, सीट खाली करा आणि पायांनी ढकलत सौम्य उतारावर जाऊ द्या. तोल आला की पायडल पुन्हा बसवा. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, सोडवताना तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवायचा, नाहीतर पाना घसरून हात सोलतो. चार वर्षं हवीत ना? मग भक्कम सायकल घ्या, दर पावसाळ्यानंतर चेनला तेल द्या. त्याला लहान झाली की धाकट्या भावंडाकडे जाऊ दे. वस्तू टिकली असंच होईल ते.

दिव्यांची, आवाजाची खेळणी अजिबातच देऊ नयेत का?
— एक काकू, कराड

द्या, पण तपासून. खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा आहे, तो बघा. आणि बॅटरीच्या कप्प्याला स्क्रू आहे का ते त्याहून आधी बघा. बटणासारखी चपटी बॅटरी मुलानं गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजतं. शंका जरी आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा. स्क्रू नसलेलं खेळणं, मग ते कुणीही दिलेलं असो, मी घरात ठेवत नाही.

मुलं सहा आणि नऊ वर्षांची. दर वर्षी भारतातून येताना बॅग भरून खेळणी आणतो आणि जानेवारीत ती इथल्या देणगीच्या पेटीत जातात. वर्षानुवर्षं राहील असं काय आणावं?
— एक बाबा, न्यू जर्सी

किल्ल्याची चित्रं न्या. मातीची. सिंहासनावरचे महाराज, दोन मावळे, एक तोफ, एक वाघ. पाचच. पन्नास नेऊ नका.

माझ्या घरी बुटांच्या खोक्यात ही चित्रं आहेत. सगळ्यात जुना मावळा १९८८ चा. त्याचा भाल्याचा हात फेविकॉलनं दोनदा चिकटवलाय. माझा मुलगा आता चाळिशीला टेकलाय, पण वसुबारसेला खोका उघडला की आधी तोच मावळा शोधतो. ही खेळणी वर्षातून आठ-दहा दिवसच बाहेर येतात. उरलेले दिवस ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली असतात, आणि पुढच्या वर्षी ते वर्तमानपत्र वाचत बसण्यात अर्धी दुपार जाते. मला वाटतं, कंटाळा यायच्या आत ती आत जातात म्हणूनच इतकी वर्षं लाडकी राहिली.

दर दिवाळीला मुलांनी एकेकच नवं चित्र निवडायचं. बुडाला पेन्सिलीनं वर्ष आणि निवडणाऱ्याचं नाव. न्यायची सामानात नाही, हातातल्या पिशवीत, प्रत्येक चित्र वेगळं गुंडाळून.

तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात थंडी असते, तेव्हा किल्ला गॅरेजमध्ये मोठ्या ट्रेमध्ये करा. माती इथून नेऊ नका, बियाही नेऊ नका, विमानतळावर अडचण होते. तिकडच्या दुकानात गार्डन क्रेस नावाची बी मिळते, तेच आपलं अळीव. भिजवून बुळबुळीत झालं की ओल्या मातीवर थापा. तीन-चार दिवसांत कोंब, आठवड्यात हिरवंगार. म्हणजे दिवाळीच्या आठवडाभर आधी माती रचून झालेली हवी.

नऊ वर्षांच्या लेकराला मनातला किल्ला करू देण्याबरोबर एखादा खराखुराही करायला द्या. राजगड घ्या. मधे बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या. नकाशा समोर ठेवून करताना "ही माची इतकी लांब का?" असा प्रश्न तो विचारेलच. उत्तर तुम्हाला येत नसेल तर दोघं मिळून शोधा. पुढच्या सुट्टीत इथं आलात की राजगड चढा. आपण मातीत केलेली माची पायाखाली आलेली बघून त्याचा चेहरा कसा होतो ते मला पत्रानं कळवा.

बाई, मी तुमच्या १९९५ च्या वर्गातली. खिडकीजवळ बसायची ती. मावसबहिणीच्या बाळाचं पुढच्या महिन्यात उष्टावण आहे. चांदीची वाटी-चमचा तर चार जण देणार. मी काय देऊ? आणि ज्यात आपण भाजी विकायचो तो पांगुळगाडा अजून आहे का हो?
— तुमची विद्यार्थिनी, सातारा

आहे गं! मागचं डावं चाक बदललंय, बाकी तोच आहे. आणि तू स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच दिलंस. पांगुळगाडाच दे.

बाळ आता सहा महिन्यांचं. नवव्या-दहाव्या महिन्यात धरून उभं राहायला लागेल तेव्हा तो कामी येईल. हल्लीचा बसायचा वॉकर, ज्यात मूल मधे अडकवून ठेवतात, तो मात्र कुणी देऊ नये. त्यात मूल पायऱ्यांवरून कोसळतं. कॅनडानं तर २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. पांगुळगाडा मुलानं स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलायचा असतो. थकलं की सोडून खाली बसता येतं. जिना आणि उंबरठा असेल तिथं मोठं माणूस जवळ हवंच.

सुताराकडून सागाचा करून घे. दांडी बाळाच्या छातीच्या उंचीला येऊ दे. खिळे नकोत, स्क्रू आणि सरस. पुढच्या चाकाच्या वर फळी बसवून छोटी पेटी कर, कारण पुढे त्यात ओझं लागतं. रिकामा गाडा धरून मूल उठायला गेलं की गाडा त्याच्याच अंगावर उलटतो. आपल्या बालवाडीत मी त्यात कापडात गुंडाळलेली वीट ठेवायची. चालायला आलं की वीट काढायची आणि त्यात तुमची भाजी यायची. तुझा आवाज मला अजून आठवतो, "वांगी घ्या, गवार घ्या" म्हणून सगळ्या पटांगणात फिरायचीस आणि पैसे म्हणून चिंचोके घ्यायचीस.

एक मात्र विसरू नकोस. बालवाडीत शहाबादी फरशी होती, ती खरखरीत. तुझ्या बहिणीकडे गुळगुळीत टाइल्स असणार. त्यावर गाडा सुळकन पुढे जातो आणि मूल तोंडावर पडतं. सायकलची जुनी ट्यूब घे, चाकांच्या रुंदीच्या पट्ट्या काप आणि तिन्ही चाकांना घट्ट चिकटव. पंक्चरवाल्याचं सोल्युशन वापर आणि एक रात्र सुकू दे.